ब्रूस ली ते अमरावती, व्हाया बर्लिन

या आठवड्यात रिलीज होता, त्यामुळे शुक्रवारी रात्री अडीचला घरी आलो. एवढ्या उशिरा झोप येत नाही हे आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. टीव्ही लावला तर 'एंटर द ड्रॅगन' चालू. अर्धा होऊन गेला होता, पण या पिक्चरला त्याने काय फरक पडतो? बेटावरची ती स्पर्धा, एकेक गडी मैदानात उतरतोय, आडवा होतोय, आणि शेवटी ती आरशांची खोली. किमान तेराव्यांदा पाहिला असेल.

पिक्चर संपला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. या असल्या स्पर्धा खरंच कधी होत होत्या का हो? म्हणजे उंच चौथरा, भोवती गर्दी, दोन गुरू समोरासमोर, आणि एक जिंकला की सगळ्या देशाची मान ताठ? शनिवार-रविवार त्यातच गेला. धुवायचे कपडे तसेच राहिले. शोधायला निघालो होतो चीनचं, आणि पोचलो थेट अमरावतीला! कसा, ते सांगतो. पण आधी थोडं अकोल्याचं.

मी जठारपेठेतला. शाळेत असताना, म्हणजे २००५-०६ च्या सुमारास, आमचा लोकल केबलवाला रात्री नऊनंतर हिंदीत डब केलेले चिनी पिक्चर लावायचा. जेट लीचा 'फिअरलेस' आम्ही असाच पाहिला, तोही तुकड्यातुकड्यांत, कारण तेव्हा भारनियमन जोरात होतं. नेमकी शेवटची लढत सुरू झाली की लाईट गुल! त्या पिक्चरचा शेवट मला कॉलेजात गेल्यावर कळला. पण जेवढं पाहिलं तेवढं पुरेसं होतं. गल्लीतले आम्ही सगळे पोट्टे रविवार सकाळच्या कराटे क्लासला लागलो. (कराटे जपानी आणि कुंग फू चिनी, हा फरक तेव्हा कोणाला माहीत होता!)

पिवळा पट्टा मिळाला त्या दिवशी मी अंगणात आबांना किक दाखवली. आबा म्हणजे माझे आजोबा. जिनिंगमध्ये कारकून होते, तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी खाटेवर बसल्या बसल्याच विचारलं, "हे टांग काहून वर करून रायला बे?"

म्हटलं, "आबा, समोरच्याले मारतो."

"अन् धरली त?"

असं म्हणून त्यांनी खरंच घोटा धरला, आणि पुढच्या सेकंदाला मी जमिनीवर बसलो होतो. जोर लावल्यासारखं काही वाटलंच नाही. आबा म्हणाले, "पडाचं कसं, थे शिकवलं काय तुह्या मास्तरनं? नाई? मंग आधी थे शिक." मित्र हसले. मला प्रचंड राग आला. म्हातारा माणूस, त्याला काय कळतं जेट ली! असो. आबांकडे परत येऊ.

आता इतिहास. 'फिअरलेस' ज्याच्यावर बेतलाय तो हुओ युआनजिया हा खरा माणूस. जन्म १८६८, तिएनत्सिन भागातला. पिक्चरमध्ये तो एकाच दिवशी एकामागून एक परदेशी योद्ध्यांशी लढतो आणि शेवटच्या, जपानी योद्ध्यासोबतच्या लढतीत विषप्रयोगाने मरतो. प्रत्यक्षात काय झालं? १९०९-१० च्या सुमारास शांघायमध्ये ओब्रायन नावाच्या एका गोऱ्या मल्लाने 'चिन्यांत आहे का कोणी?' छापाचं आव्हान दिलं आणि हुओने ते स्वीकारलं. नियमांवरून घोळ झाला. बॉक्सिंगचे नियम पाळायचे की कुस्तीचे, लाथ चालेल की नाही? शेवटी तो गोरा मल्ल शांघायमधून निघून गेला आणि लढत झालीच नाही!

म्हणजे ज्या लढतीवर एवढे पिक्चर निघाले ती मुळात झालेलीच नाही. मग झालं काय? तर १९१० मध्ये शांघायमध्ये एक व्यायामशाळा निघाली, जिंगवू. हुओ त्याच वर्षी वारला. विषाची गोष्ट लोकांनी सांगितली, सिद्ध कधी झाली नाही. पण व्यायामशाळा राहिली, वाढली, आणि आग्नेय आशियात जिथे जिथे चिनी लोक गेले तिथे तिच्या शाखा निघाल्या. ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) याच शाळेवर आहे. त्यातला चेन झेन, हुओचा सूड घेणारा शिष्य, पूर्णपणे काल्पनिक. आणि 'फिअरलेस' आल्यावर तर हुओच्या नातवाने निर्मात्यांवर केस केली. पिक्चरात घरच्यांना ठार मारलेलं दाखवलंय, मग मी कुठून आलो, असा साधा सरळ मुद्दा होता बिचाऱ्याचा. केस हरला म्हणा.

'फिस्ट ऑफ फ्युरी'मधला एक सीन आठवा. जपानी लोक व्यायामशाळेत एक पाटी घेऊन येतात, 'पूर्व आशियाचे आजारी लोक' अशा अर्थाची. सगळ्या कथेचं इंजिन ही पाटी आहे. परकं राज्य नुसतं जमीन घेत नाही, तुमचं शरीरच कमअस्सल आहे असं सांगतं. आपल्याकडेही हेच होतं. इंग्रजांनी सैन्यभरतीसाठी आपल्या लोकांची 'लढाऊ' आणि 'बिनलढाऊ' अशी सरळ वर्गवारी करून ठेवली होती. त्यामुळे एक तरी आपला माणूस उठावा आणि त्यांच्या माणसाला चारचौघांत चीत करावा, ही इच्छा शांघायची तशी आपलीही.

गंमत बघा, आपल्याकडे ती लढत खरंच झाली. त्याच १९१० साली! गामा पैलवान लंडनला गेला आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को या जगज्जेत्याच्या तोडीच्या मल्लाशी भिडला. पण पिक्चरवाल्यांची निराशा होईल अशी कुस्ती झाली. झिबिस्को पोटावर पालथा पडला तो अडीच तास उठलाच नाही. गामा वरून ओढतोय, हा मॅटला चिकटलेला. बरोबरीत सोडवली. आठवड्याने पुन्हा ठरली तर झिबिस्को आलाच नाही, आणि गामा जिंकला असं जाहीर झालं. खरा निकाल लागला १९२८ मध्ये पतियाळाला. तिथे गामाने त्याच झिबिस्कोला मिनिटाच्या आत चीत केलं. अठरा वर्षं थांबला गडी, आणि मिनिटभरात विषय संपला.

योगायोग म्हणजे १९२८ मध्येच चीनमध्येही सरकारने ठरवलं की आता खरोखर पारखू. नानजिंगला राष्ट्रीय संस्था निघाली, जनरल झांग झीजियांग तिचे प्रमुख. ऑक्टोबरमध्ये देशभरातले मल्ल बोलावून परीक्षा घेतली, चौथऱ्यावर प्रत्यक्ष लढती. (या चौथऱ्याला ते 'लेई ताई' म्हणतात. सगळ्या पिक्चरमध्ये दिसतो तो हाच.) आणि काय झालं? हातपाय मोडायला लागले. इतके लोक जखमी झाले की शेवटी उरलेल्या मोजक्या मल्लांना अंतिम लढत न लावताच अव्वल ठरवून मोकळे झाले. म्हणजे इथेही 'फायनल' नाहीच!

मग पिक्चरमधली ती देखणी लढत आली तरी कुठून? याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं.

१९५३ च्या नाताळच्या रात्री हाँगकाँगच्या शेक किप मेई झोपडपट्टीला आग लागली आणि पन्नास हजारांहून जास्त लोक बेघर झाले. मदतनिधी उभा करायचा होता. तेव्हा ताई-चीचे गुरू वू गोंगयी आणि 'पांढरा बगळा' शैलीचे चान हाक-फू यांच्यात आधीच वर्तमानपत्रांतून वाद पेटला होता. ठरलं, दोघांनी लढायचं आणि तिकिटाचे पैसे आगग्रस्तांना. हाँगकाँगात असल्या लढतीला परवानगी मिळणं कठीण, म्हणून १७ जानेवारी १९५४ ला सगळे मकावला गेले. तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, आपल्या गोव्यासारखं. वू पन्नाशी ओलांडलेले, चान पस्तिशीतले. या लढतीची जुनी फिल्म आजही बघायला मिळते. जरूर बघा, आणि अपेक्षा घरी ठेवून बघा. शाळेच्या मधल्या सुट्टीतली मारामारी दिसते अगदी! हात वेडेवाकडे फिरतायत, चानच्या नाकातून रक्त, आणि दुसऱ्या फेरीतच पंचांनी थांबवली. निकाल? कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही, आणि बरोबरीही नाही!

पण त्या लढतीच्या चर्चेने हाँगकाँग वेडं झालं होतं. तिथल्या एका सायंदैनिकाच्या संपादकाने ही संधी ओळखली आणि तिसऱ्या दिवशी, २० जानेवारीला, लियांग युशेंग या तरुण पत्रकाराची योद्ध्यांवरची क्रमशः कादंबरी सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांचा सहकारी जिन योंगही लिहायला लागला. चिनी वाचणाऱ्या घरांत जिन योंग माहीत नाही असं घर सापडणं अवघड. या कादंबऱ्यांवर पिक्चर निघाले, मग मालिका, मग गेम. थोडक्यात, दोन फेऱ्यांच्या एका फसलेल्या लढतीने एवढा मोठा कल्पनेचा कारखाना सुरू केला. लढत जितकी अर्धवट, तितकी गोष्ट मोठी!

आपण सायबर कॅफेत तासाला दहा रुपये देऊन 'टेकन' आणि 'मॉर्टल कोम्बॅट' खेळलो, त्यांचाही सांगाडा हाच. स्पर्धा, एकेक प्रतिस्पर्धी, आणि शेवटी बॉस. प्रोग्रामरच्या नजरेने पाहिलं तर ही रचना फार सोयीची आहे. प्रत्येक लढत म्हणजे एक लेव्हल, निकाल हो किंवा नाही, मधलं काही नाही. खरं आयुष्य मात्र झिबिस्कोसारखं पालथं पडून राहतं.

आणि पडद्यावरचा हिरो तरी कोण? जेट ली चौथऱ्यावर लढून आलेला नाही. तो बीजिंगच्या वुशू संघाचा पोरगा, म्हणजे प्रात्यक्षिकं करून गुण मिळवणारा. १९७४ मध्ये अकराव्या वर्षी तो संघासोबत अमेरिकेला जाऊन व्हाइट हाऊसमध्ये कसरती दाखवून आला होता. १९८२ चा 'शाओलिन टेम्पल' नंतरचा. अलीकडे २०१७ मध्ये शू शियाओडोंग या मिश्र मार्शल आर्टवाल्याने ताई-चीच्या एका स्वयंघोषित गुरूला काही सेकंदांत आडवं केलं, तेव्हा चीनमध्ये लोक जिंकणाऱ्यावरच जास्त चिडले. स्वप्न मोडणाऱ्याचा राग येतोच. (अंगणात बसलेला मी आठवला.)

हे प्रात्यक्षिकाचं प्रकरण उकरत मागे मागे गेलो आणि एका नोंदीपाशी थबकलो. १९३६, बर्लिन. चीनने ऑलिंपिकला मोठं पथक पाठवलं होतं आणि त्यासोबत मार्शल आर्टची नऊ जणांची एक तुकडी, सहा पुरुष आणि तीन बायका. शांघायमध्ये निवड करून पाठवलेली. स्पर्धेसाठी नाही, फक्त दाखवण्यासाठी. चिनी खेळाडूंना त्या ऑलिंपिकमध्ये एकही पदक मिळालं नाही, पण या नऊ जणांनी हॅम्बुर्ग, बर्लिन अशा ठिकाणी टाळ्या घेतल्या.

बर्लिन, १९३६, प्रात्यक्षिक... हे मी आधी कुठेतरी ऐकलंय! आणि मग ट्यूब पेटली. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याच बर्लिनमध्ये अजून एक पथक आलं होतं. आपल्या अमरावतीचं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं!

मंडळ अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलं. शांघायच्या जिंगवूनंतर चार वर्षांनी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण प्रश्न एकच होता. दादासाहेब खापर्ड्यांचं अमरावती ते, टिळकांना मानणारं. त्याच वर्षी जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून आले. अशा गावात आखाडा काढणं म्हणजे नुसत्या बेटकुळ्या फुगवणं नव्हतं. पुढे राजगुरू काही काळ इथेच शिकून गेले. आणि मंडळाने एक महत्त्वाची गोष्ट केली. व्यायाम हा एका उस्तादाच्या डोक्यातून काढून अभ्यासक्रमात बसवला. उन्हाळी वर्ग घेतले, प्रांतोप्रांतीची पोरं आली, शिकली आणि आपापल्या गावी जाऊन शिकवायला लागली.

हे मंडळ १९३६ मध्ये वऱ्हाडातून उठून बर्लिनला गेलं आणि तिथे मल्लखांब, हुतुतू, खो-खो असे आपले खेळ करून दाखवले. कबड्डीच्या इतिहासात हे वर्ष त्यामुळेच येतं. एक गोष्ट मात्र नीट करून घेऊ. 'कबड्डी बर्लिन ऑलिंपिकमध्ये होती' असं सर्रास लिहिलं जातं, पण त्या ऑलिंपिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच, बेसबॉल आणि ग्लायडिंग. अमरावतीकर आणि ते नऊ चिनी, दोघांचाही कार्यक्रम या यादीबाहेरचा. म्हणजे जगाच्या मुख्य मंडपाबाहेर उभं राहून 'आमच्याकडेही काहीतरी आहे' असं सांगणारी आशियातली दोन पथकं. ती एकमेकांना भेटली असतील का? भेटली असतील तर मल्लखांब बघून ते चिनी काय म्हणाले असतील? पिक्चर काढायचा तर तो यावर काढा राव.

पण इथे मला थोडं अडखळायलाही होतं. आमच्याकडे हा किस्सा सांगताना लोक 'जर्मनीत टाळ्या पडल्या' हे वाक्य आधी सांगतात. मीही सांगत होतो. पण त्या टाळ्या कुठल्या गावच्या? आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी तिथल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. शरीरावरून माणसाची प्रत ठरवणारं ते सरकार. कमअस्सल शरीराची पाटी पुसायला आपली माणसं गेली ती नेमकी असल्या पाट्यांच्या कारखान्यात! त्यांना दोष देत नाही मी. ज्याला घरात कोणी विचारत नाही तो मिळेल त्या स्टेजवर चढतो. फक्त आज आपण अभिमान सांगताना टाळ्या कोणी वाजवल्या यावर तो टांगू नये, एवढंच.

कारण खरी गोष्ट परत आल्यावरची आहे. त्या नऊ जणांपैकी झांग वेनग्वांग बीजिंगला, वेन जिंगमिंग वुहानला आणि झेंग हुआइशियान चेंगडूला आयुष्यभर शिकवत राहिले. आजची वुशू बरीचशी त्यांच्या पिढीने घडवलीय. इकडे मंडळ वाढत गेलं, १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचं पदवी कॉलेज निघालं. आज तर मंडळाचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे, म्हणजे आपल्यासारखेही तिथे तयार होतात :)

आणि १९३६ ची ती दोन बाहेरची पथकं पुन्हा एकत्र आली १९९० मध्ये. बीजिंगच्या आशियाई खेळांत वुशू आणि कबड्डी दोन्ही एकाच वेळी पहिल्यांदा पदकाचे खेळ झाले. भारताला त्या अख्ख्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं फक्त एक. कशात? कबड्डीत! चोपन्न वर्षं लागली मंडपाच्या आत यायला.

आता आबा. २०१५ मध्ये मी इंजिनिअरिंगला अमरावतीत आलो. मंडळाच्या मैदानावर मित्रांसोबत कितीदा तरी गेलो, मल्लखांबावरची पोरं बघितली, बाहेर चहा प्यायलो. दुसऱ्या वर्षाला असताना आबा गेले. तेराव्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी आवरताना एक फोटो सापडला. लेझीम घेतलेली चाळीस-पन्नास पोरं, तिसऱ्या रांगेत लंगोटातले आबा, सतरा-अठरा वर्षांचे, छाती पुढे काढलेले. मागे शाईने 'अमरावती, उन्हाळी वर्ग, १९५८'.

आजीला विचारलं तर ती म्हणाली, "मंग? महिनाभर जाऊन आले होते थे. आल्यावर इथच्या पोट्ट्यायले शिकवे पहाटं. आठ-दहा वर्षं शिकवलं असनं." मी त्या माणसासोबत एका घरात अठरा वर्षं राहिलो. हुओ युआनजियाच्या चारही लढती मला पाठ होत्या, ज्यातली एकही झालेली नाही. आणि आठ-दहा वर्षं रोज पहाटे उठून कोणाला काय शिकवलं, हे मी आबांना एकदाही विचारलं नाही. त्या पोट्ट्यांपैकी कोणी गावात अजून असेल तर तोही आता सत्तरीचा.

पिक्चरला शेवटची लढत लागते. ती नसेल तर तिकीट कोण काढणार? पण शांघाय घ्या, नानजिंग घ्या, मकाव घ्या, शेवटची लढत एकतर झालीच नाही किंवा अर्ध्यात सुटली. सुटली नाही ती तालीम. ती करायला समोर परदेशी मल्ल लागत नाही, पहाटे उठणारी चार पोरं आणि त्यांच्या आधी उठणारा एक माणूस लागतो. त्याच्यावर कोणी पिक्चर काढत नाही, आणि बहुतेक तो स्वतःहून काही सांगतही नाही.

दिवाळीला अकोल्याला जातोय. तो फोटो घेऊन जठारपेठेत दोन-चार म्हाताऱ्यांना दाखवायचं ठरवलंय. कोणी ओळखलं तर आबा पहाटे नेमकं काय शिकवायचे ते विचारीन. पडायचं कसं, हे नक्की असणार त्यात.

चला, उद्या सोमवार. रिलीजनंतरचे बग माझी वाट बघतायत.